टेंभुर्णीच्या वाटेवरची स्लेज

त्या शनिवारी हे घरी आले ते काहीतरी पुटपुटतच. जिना चढताना पुटपुटणं, धोतराचा धुरळा झटकताना पुटपुटणं. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर तोही घेईनात. ऊन लागलं म्हणावं, तर महिना पौषाचा.

"काय हो, काय बोलून राह्यलात मनातल्या मनात?"

"थांब, थांब. आधी कुठंतरी लिहून ठेव, न्हाईतर विसरून जाईन. स्लेज. स्लेज. स्लेज."

हाताशी काहीच नव्हतं, म्हणून मी चुलीपुढच्या राखेत बोटाने दोन अक्षरं काढली. ती बघितल्यावर यांनी एका दमात तांब्या रिकामा केला, भिंतीला टेकून बसले आणि मला म्हणाले, "आता सांग, ही काय चीज आहे?"

आम्ही तेव्हा जुन्या जालन्यात राहत होतो. खाली मालक शेठजींचं लोखंडाचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती, आणि जिकडेतिकडे रस्ते करायचं काम निघालं होतं. हे अशाच एका रस्त्यावर देखरेखीला होते. रस्ता जायचा होता टेंभुर्णीकडे, म्हणजे माझ्या माहेराकडे. आठवडाभर तिकडे तंबूत राहायचं आणि शनिवारी घरी यायचं, असा त्यांचा क्रम. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. हस्ताक्षर असं की बघत राहावं. पण आता कामावर इंग्रजी आलं होतं आणि यांचं इंग्रजी म्हणजे येस सर, नो सर आणि टुमारो सर.

मी मात्र मॅट्रिक होते. आई-वडील लहानपणीच गेल्यामुळे मला आत्याने वाढवलं. ती टेंभुर्णीची, स्वतःच्या शेतात स्वतः उभी राहणारी बाई. तिने मला औरंगाबादला मावशीकडे ठेवून शिकवलं. "मला सही येत न्हाई, हिला दोन भाषांत आली पाहिजे," असं ती म्हणायची. त्यामुळे आमच्या गल्लीत इंग्रजीचं काही निघालं की माणसं माझ्याकडे यायची. शेठजीसुद्धा मुंबईहून आलेल्या खोक्यावरचं वाचायला मला हाक मारायचे.

पण स्लेज मला येत नव्हतं.

"कुठं ऐकलात?" मी विचारलं.

मग सगळं कळलं. कामावर नवे साहेब आले होते. मूळचे तेलंगणाकडचे, शिक्षण मद्रासचं, बोलणं निम्मं इंग्रजी, निम्मं हैदराबादी. ते जीपमधून उतरले, रस्ता पाहिला, आणि यांनी त्यांना दोन अडचणी सांगितल्या. एक म्हणजे, आत्याच्या शेताच्या कडेला रस्त्याच्या बरोबर मधोमध एक काळा धोंडा बसला होता. हत्ती बसावा तसा. गड्यांनी त्याच्यावर पहारी वाकवल्या, पण तो हलला नाही. सुरुंग लावावा तर लागूनच आत्याची विहीर. दुसरी अडचण नाल्याची. टेकडीवरून दगड आणायचा तर नाल्याच्या चिखलातून आणावा लागायचा, आणि तिथे गाड्यांची चाकं आसापर्यंत रुतायची. दोन गाड्या तर मोडल्याच होत्या.

"साहेबानं सगळं ऐकून घेतलं," हे सांगू लागले. "मंग जीपीत बसला आणि म्हणतो, अगले हफ्ते आता हूँ, तब तक दो स्लेज मँगा के रखो, बडेवाले. मी म्हणलं, येस सर. जीप गेली."

"मंग विचारायचं ना, स्लेज म्हणजे काय?"

"येस सर म्हणल्यावर कसं विचारू?"

हेही बरोबरच होतं. मी ट्रंक उघडली. शाळेत बक्षीस मिळालेला इंग्रजी-मराठीचा एक छोटा कोश तळाशी होता, तळहातावर मावेल एवढा. दिव्याखाली धरून मी 'एस'ची पानं उलटली आणि शब्द सापडला.

"बर्फावरून ओढत न्यायची बिनचाकी गाडी," मी वाचलं.

हे माझ्याकडे बघायला लागले. मी पुन्हा वाचलं. त्या इवल्याशा कोशात त्या शब्दाचा एवढा एकच अर्थ दिला होता.

"बर्फ?" हे म्हणाले. "टेंभुर्णीला?"

दोघांनाही हसू फुटलं. मी तर पदर तोंडात धरून हसले, कारण खाली शेठजींचं दुकान अजून उघडं होतं. हसता हसता हे एकदम थांबले. कपाळावर आठ्या घालून विचार करायला लागले आणि मग मांडीवर थाप मारली.

"अगं, बराबर आहे! बिनचाकी गाडी! चाकंच न्हाईत तर रुतणार काय? साहेबानं नाल्यावरचा इलाज सांगितला. बर्फावरून घसरती, तर चिखलावरून न्हाई घसरणार का?"

मला इतकं पटलं की विचारू नका. केवढा हुशार साहेब, दोन मिनिटांत अडचण ओळखली, असं म्हणत आम्ही जेवायला बसलो. अशी गाडी बाजारात विकत मिळणार नव्हती, म्हणजे ती करून घ्यावी लागणार होती. ती कशी दिसते ते सांगायला कोणीतरी हवं, असं कारण पुढे करून मी यांच्याबरोबर माहेरी जायचं ठरवलं. खरं कारण हुरड्याचं होतं. ज्वारी दाण्यात आली होती आणि मला जालन्यात करमत नव्हतं.

आत्या ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. आम्हाला दोघांना एकदम आलेलं बघून तिच्या डोळ्यांत आधी आनंद आला, मग संशय.

"भांडून आलात का?"

"न्हाई गं आत्या, गाडी करून घ्यायला आलो. बिनचाकी."

आत्याने शेंगा बाजूला ठेवल्या. मी सगळं सांगितलं. बर्फाचा देश, तिथल्या गाड्या, साहेबांचा हुकूम. आत्या शांतपणे ऐकत होती आणि शेवटी म्हणाली, "माझी जुनी गाडी पडलीय गोठ्यामागं. चाकं तिची कवाच गेलीत. म्हणजे माझ्या घरी अर्धी स्लेज आधीच तयार आहे की!"

मग सुतारांना बोलावणं गेलं. सुतारकाका म्हणजे गावातला सगळ्यात शंकेखोर माणूस. मी अंगणातल्या मातीत काडीने आकृती काढून दाखवली. खाली दोन लांब लाकडं, पुढून वर वळलेली, त्यांवर गाडीची साटी, म्हणजे माल लादायच्या फळ्या. काका उकिडवे बसून त्या आकृतीकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

"चाकं कुठायत?"

"चाकं न्हाईतच, काका."

"चाकं न्हाईत तर हिला गाडी कशाला म्हणायचं? हा तर पाट झाला. बसायचा पाट."

"मंग पाट म्हणा," आत्या म्हणाली. "पण मजबूत करा. सरकारी पाट आहे."

"आन् ओढणार कोण?"

मी जरा अडखळले. शाळेच्या पुस्तकात चित्र होतं ते सांगून टाकलं. "तिकडं कुत्री ओढतात."

काकांनी हातातला पटका डोक्याला बांधला आणि उठून चालायला लागले. यांनी धावत जाऊन त्यांना परत आणलं. कुत्री नाहीत, बैल जोडायचे आहेत, आत्याचेच बैल, अशी खात्री दिल्यावर काका कामाला लागले. पण पुढचे चार-पाच दिवस गावातलं कुठलंही कुत्रं दारावरून गेलं की ते तासायचा वाकस बाजूला ठेवून म्हणायचे, "आले बघा तुमचे बैल."

काकांनी तोंडाने कितीही टिंगल केली तरी हातांनी काम जीव लावून केलं. बाभळीची दोन वाकडी खोडं शोधून आणली, तासून तासून तळाला काचेसारखी गुळगुळीत केली, त्यांना करडीचं तेल पाजलं. आत्याच्या मोडक्या गाडीची साटी एकीवर बसवली, दुसरीसाठी नव्या फळ्या मारल्या. दोन्ही गाड्या अंगणात उभ्या राहिल्या तेव्हा त्या खरोखर देखण्या दिसत होत्या. पुढची वळलेली टोकं मोराच्या मानेसारखी. काका लांब उभे राहून त्यांच्याकडे बघत होते. हे आपल्याच हातून झालं यावर त्यांचा विश्वास बसत नसावा.

पहिली चाचणी नाल्यावर घ्यायची ठरली. निम्मं गाव जमलं. बैल जुंपले. हे गड्यांना दगड लादायला सांगणार, तेवढ्यात आत्या पुढे झाली.

"थांबा. दगडाला काय कळतं चांगलं-वाईट? आधी माणूस बसू द्या."

आणि ती पदर खोचून साटीवर जाऊन बसली, मांडी घालून, जशी देवळात बसते तशी. हे घाबरले. "आत्याबाई, पडाल!" म्हणेपर्यंत गड्याने बैलांना इशारा केला आणि गाडी निघाली. काठावरून खाली उतरताना ती जी घसरली, ती चिखलावरून सुर्रकन् पलीकडे! बैलांनाच पळावं लागलं, नाहीतर गाडी त्यांच्या पायांत आली असती. चिखलाचे सपके उडाले. आत्याचा अंबाडा सुटला. पलीकडच्या काठाला गाडी थांबली तेव्हा ती काही बोलेना, म्हणून आम्ही सगळे धावलो.

आत्या हसत होती. आवाजच फुटत नव्हता एवढी. डोळ्यांतून पाणी, तोंडभर चिखल, आणि दोन्ही हातांनी साटी घट्ट धरलेली.

"पुन्हा," ती म्हणाली.

त्यानंतर गावातल्या बायकांनी कोणाला दगड लादूच दिला नाही. एकेक बाई बसून येत होती. माझीही फेरी झाली. एवढ्या वर्षांनी सांगते, विमानातसुद्धा बसले मी पुढे, पण पोटात तसा गोळा पुन्हा उठला नाही.

साहेब ठरल्याप्रमाणे आले. जीप धोंड्याजवळ थांबली. यांनी दोन्ही गाड्या ओळीत लावून ठेवल्या होत्या, बैलांच्या शिंगांना आत्याने हिंगूळ लावला होता. हे ताठ उभे, आणि मी व आत्या बांधावरून बघत होतो.

साहेब उतरले. उंच, काळेसावळे, चष्मा लावलेले, साधारण पन्नाशीचे. त्यांनी गाड्यांभोवती एक चक्कर मारली. मग दुसरी मारली.

"ये क्या है?"

"स्लेज, सर," हे म्हणाले. "दो. बडेवाले."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी हळूहळू, मग गदगदून. ते जीपच्या बॉनेटला धरून हसले. धोंड्याकडे बोट दाखवून त्यांनी हवेत दोन्ही हातांनी काहीतरी उचलून आदळल्याचा अभिनय केला.

"अरे बाबा, मैं स्लेज-हॅमर बोला था! ये पत्थर तोडने को! घन, घन!"

घण! यांचा चेहरा पांढरा पडला. बांधावर मी कपाळाला हात लावला. आत्याने माझ्या कानाशी लागून विचारलं, "काय म्हणतो?" मी सांगितलं. आत्या बांधावरून उतरून सरळ साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "चुकीची का असंना, एकदा बसून तर बघा."

साहेबांना तिचं मराठी कळलं की तिच्या हाताचा इशारा, कोण जाणे. पण ते बसले. बूट, सुटाची पँट, सगळ्यासकट. नाल्यापलीकडे पोचल्यावर त्यांनी टोपी हवेत हलवली. मग त्यांच्यातला इंजिनीयर जागा झाला. त्यांनी दगड लादायला सांगितलं, थोडा, मग आणखी, मग चाकाच्या गाडीत जेवढा मावायचा त्याच्याहून जास्त. गाडी रुतली नाही. साहेब खाली वाकून त्या बाभळीच्या खोडांवरून हात फिरवत होते.

"किसने बनाया?"

सुतारकाका गर्दीच्या मागे लपले होते, त्यांना पुढे ढकललं. साहेबांनी त्यांचा हात हातात घेऊन हलवला. काका पुढे बरेच दिवस तो हात लोकांना दाखवत हिंडले.

"अच्छा हुआ मैं इंग्लिश बोला," साहेब यांना म्हणाले. "घन बोलता तो सिर्फ घन मिलता. अब ये दोनों रखो. और घन भी मँगाओ."

आत्याने त्यांना हुरड्याला थांबवून घेतलं. शेतातच आगटी पेटवली. कणसं भाजून गरम गरम चोळलेला हुरडा, तिळाची चटणी, गूळ, दही. साहेब पायांतले बूट काढून गोणपाटावर बसले आणि खाताना त्यांनी मला विचारलं, "तो डिक्शनरी आपने देखा?"

मी मान खाली घालून हो म्हणाले. मला वाटलं, आता माझी फजिती. पण त्यांना त्या शब्दाचीच गंमत वाटत होती. ते म्हणाले, आमच्या तेलुगूत या हातोड्याला सम्मेट म्हणतात, तुम्ही घण म्हणता, उर्दूवाले घन म्हणतात. त्यांचे वडील संस्कृत शिकवायचे. घन शब्द कुठून आला ते लहानपणी वडिलांनी पाठ करून घेतलं होतं. हन् म्हणजे मारणे, ठोकणे. त्यापासून घन, म्हणजे मारणारा, ठोकणारा.

"और स्लेज?" मी धीर करून विचारलं. "हातोड्याला बर्फावरच्या गाडीचं नाव का दिलं असेल? घसरतो म्हणून?"

साहेब हुरडा तोंडात तसाच ठेवून विचारात पडले. "नहीं मालूम," ते म्हणाले. "पर देखूँगा. हैदराबाद में मेरे पास बडी डिक्शनरी है."

एवढा मोठा साहेब सरळ नहीं मालूम म्हणाला, याचं मला फार अप्रूप वाटलं. तो प्रश्न त्यांनी बरोबर नेला.

घण आणायला आम्ही जालन्याला परतलो. बैलगाडीतून उतरलो ते थेट शेठजींच्या दुकानात. शेठजी गादीवर बसून पानाला चुना लावत होते.

"शेठजी, घण पाहिजेत. दोन. बडेवाले," हे म्हणाले.

शेठजींनी पान तोंडात टाकलं, उठले, आणि दुकानाच्या मागच्या अंधारात आम्हाला घेऊन गेले. तिथे भिंतीशी घणांची रास लावलेली होती. लहान, मोठे, दांड्याचे, बिनदांड्याचे.

"घ्या. पण आज अचानक काय काम निघालं?"

यांनी सगळी हकीकत सांगितली. शेठजींनी वर छताकडे पाहिलं, मग राशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बहूजी, तुम्ही वर बसून पुस्तकात शोधत होता, ते बराबर तुमच्या चुलीच्या खाली पडलं होतं! एक आवाज द्यायचा होता!" आणि ते एवढे हसले की पानाची पिंक सांभाळायला त्यांना बाहेर ओट्यावर पळावं लागलं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट साऱ्या बाजारात झाली. दुसऱ्या दिवशी भाजी आणायला गेले तर भाजीवालीने विचारलं, "बाई, आज बर्फ कुठं पडला?"

मी त्यावर रागावले असते तर वेडीच ठरले असते. मीही हसले आणि मेथीची जुडी जरा मोठी मागून घेतली.

धोंडा फोडायच्या दिवशी आम्ही पुन्हा टेंभुर्णीला गेलो. साहेबही मुद्दाम आले होते. शेठजींनी स्वतः निवडून दिलेले घण, त्यांना सुतारकाकांनी बसवलेले नवे दांडे. मी एक उचलून पाहिला. गुडघ्यापर्यंत आला, पुढे काही केल्या जाईना. आत्याने मात्र खांद्यापर्यंत नेला आणि धोंड्यावर असा आदळला की ठिणगी उडाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग दोन दणकट गडी समोरासमोर उभे राहिले. एकाचा घण खाली येताना दुसऱ्याचा वर जायचा. भोवतीचे लोक तालावर ओरडायला लागले.

"हाण! हाण! हाण!"

मीही ओरडत होते. आणि ओरडता ओरडता माझ्या ध्यानात आलं. हाण! साहेबांनी सांगितलेला तो हन्, मारणे, तो आमच्या तोंडात होताच की. आम्ही रोज हाणतो, एकमेकांना हाणायच्या धमक्या देतो. घण आणि हाण एकाच घरातले, आणि त्या क्षणी एक गड्यांच्या हातात होता आणि दुसरा आमच्या तोंडात. मी यांच्या दंडाला धरून ते सांगायला गेले, पण त्या गलक्यात यांना ऐकू आलं नाही. ते म्हणाले, "हां हां, हाण!"

दुपार कलली तेव्हा धोंड्याच्या अंगावर केसासारखी चीर दिसली. गड्यांनी तीत पाचर ठोकली आणि आणखी दोन-चार घाव घातले. खोल, पोकळ असा आवाज आला आणि धोंडा उमलल्यासारखा दुभंगला.

गड्यांनी घण खाली ठेवले. सगळे पुढे सरकले आणि वाकून बघायला लागले.

तो काळाकुट्ट धोंडा आतून पोकळ होता. त्या पोकळीत सगळीकडून पांढरे स्फटिक उगवलेले होते, सुईसारखे, काचेसारखे, काही बोटभर लांब. कलत्या उन्हात त्यातून निळं, गुलाबी असं काहीबाही चमकत होतं. घण मारणाऱ्या एका गड्याने घाम पुसायचा हात तसाच अधांतरी धरला होता. आमच्या भागातल्या काळ्या दगडाच्या पोटात असं असतं, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मात्र ते पहिल्यांदाच दिसत होतं, मलाही आणि गावालाही.

आत्याने वाकून आत हात घातला, स्फटिकांवरून बोटं फिरवली आणि यांच्याकडे वळून म्हणाली, "जावई, हा घ्या तुमचा बरफ! म्हणलं होतं ना कोशात, तो आत होता."

मग जे हसणं सुरू झालं ते थांबेना. साहेब तर एका खडकावर बसूनच राहिले. त्यांना आम्ही त्यातला एक मोठा झुपका दिला, तो त्यांनी रुमालात गुंडाळून जीपमध्ये स्वतःच्या मांडीवर ठेवून नेला. उरलेले गावाने वाटून घेतले. कितीतरी घरांत ते देव्हाऱ्यात गेले.

साहेब पुढच्या खेपेला आले तेव्हा त्यांच्या जीपमध्ये एक जाडजूड पुस्तक होतं. त्यांची ती मोठी डिक्शनरी. आत्याच्या ओसरीत त्यांनी ती उघडून माझ्यापुढे ठेवली. स्लेज शब्द तिथे दोनदा छापलेला होता, एकाखाली एक, वेगवेगळा. मी हळूहळू वाचत गेले आणि साहेब अडेल तिथे सांगत गेले.

बर्फावरची स्लेज डच भाषेतून आलेली. घसरणे या अर्थाच्या शब्दांच्या कुळातली, इंग्रजीतला स्लाइड तिचा भाऊबंद. हातोड्याची स्लेज तिच्याहून कितीतरी जुनी, हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत होती तेव्हापासूनची. आणि तिचं मूळ मारणे, ठोकणे. ठार मारण्याला इंग्रजीत स्ले म्हणतात, तो शब्दही तिथलाच. दोघींची नावं योगायोगाने सारखी झाली, नातं काहीच नाही. पुढे लोक स्लेजचा अर्थ विसरत चालले म्हणून त्यांनी मागे हॅमर जोडला. म्हणजे स्लेजहॅमर म्हणजे घण-हातोडा.

"पावरोटीसारखं," मी म्हणाले. मावशीच्या शेजारचे गोवेकर सांगायचे, पोर्तुगीजांचा पाव म्हणजेच रोटी.

"बिलकुल!" साहेब म्हणाले.

मी आत्याला समजावून सांगितलं. तिकडचे लोकही घणाला मारणाराच म्हणतात आणि आपणही मारणाराच म्हणतो. एकमेकांना विचारलेलं नाही, पाहिलेलं नाही. आत्या चुलीवरचं दूध बघत होती. ती म्हणाली, "मंग त्यात काय? त्यो करतो काय दुसरं?" पण जरा वेळाने दूध उतरवताना तिने मला पुन्हा विचारलं, "कुठल्या देशाचे म्हणालीस गं ते?" आणि मी सांगितल्यावर दोन-तीनदा मान डोलावली.

साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी ती डिक्शनरी मला देऊन टाकली. मी नको नको म्हणत होते. ते म्हणाले, माझ्याकडे ती कपाटात बसून असते, तुमच्याकडे तिला काम मिळेल. आणि काम तिला मिळालंच. रात्री जेवणं झाली की हे एखादा शब्द काढायचे, कामावर ऐकलेला, आणि मी तो शोधायचे. कल्व्हर्ट, ग्रेडियंट, रोलर. हळूहळू यांचं इंग्रजी पुढे गेलं. पुढे जालन्यात मुलींच्या शाळेत मला शिकवायला बोलावलं, तेव्हा पहिल्या दिवशी मला भीती वाटली नाही, कारण इतके दिवस मी घरात एका मोठ्या विद्यार्थ्याला शिकवतच होते. तो विद्यार्थी आपणच, असं हे सगळ्यांना अभिमानाने सांगायचे.

दोन्ही बिनचाकी गाड्या रस्त्याचं काम संपेपर्यंत नाल्यावर दगड वाहत राहिल्या. गावात त्यांना 'सलेज' हेच नाव पडलं. सुतारकाकांना शेजारच्या गावांतून मागणी यायला लागली, तेव्हा ते गिऱ्हाइकाला आकृती काढून दाखवायचे आणि चाकं कुठायत असं कोणी विचारलं की फार चिडायचे.

रस्ता पुरा झाला आणि त्याच्यावरून पहिली मोटार सुटायची होती, त्या दिवशी आत्या सकाळपासून नवं लुगडं नेसून वाटेवर उभी होती. मोटार आली, तिच्या तोंडाला झेंडूच्या माळा. आत्या ड्रायव्हरच्या शेजारची जागा धरून बसली. आम्ही मागे. तिला जायचं होतं फक्त पुढच्या जाफ्राबादच्या बाजारापर्यंत, गावातल्या पोरांना फुटाणे आणायला. बाजार आला, मोटार थांबली, माणसं उतरली. कंडक्टर म्हणाला, "आजी, उतरा, जाफ्राबाद आलं."

आत्या हलेना. समोरच्या काचेतून तिने लांब जाणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पुढं कुठं जाती ही?"

"आता परत फिरून टेंभुर्णी, आन् मंग जालना."

"मंग चल की," आत्या म्हणाली, आणि पदर सावरून आणखी ऐसपैस बसली.